प्रवासातले मूल आणि परकी माणसे

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, लढाया येतात, तहनामे आणि सनावळ्या येतात. बाजारात हात सोडून पळालेले पोर किंवा भरल्या गाडीत भोकाड पसरलेले मूल इतिहासात कुठे येत नाही. बखरकारांना त्याची नोंद करावीशी वाटली नाही, आणि सरकारी दप्तरात त्यासाठी रकाना नव्हता. पण जरा विचार करून बघा. ज्यांनी शेते नांगरली, घाट फोडले, राज्ये चालवली, ती सारी माणसे एके काळी अशीच द्वाड पोरे होती, आणि त्यांना कडेवर घेऊन कुणीतरी घराबाहेर पडले होते. त्या आईला, त्या बापाला वाटेत भेटलेल्या परक्या माणसांनी कसे वागवले, हाही इतिहासाचाच एक भाग आहे. आज त्याविषयी थोडे बोलू.

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. मूल म्हटले की ते धावणार, चढणार, ओढणार, रडणार. घरी त्याला अंगण असते, आजी असते, शेजारपाजार असतो. बाहेर पडले की आई एकटी आणि भोवती पन्नास डोळे. मुलाच्या रडण्यापेक्षा तिला त्या डोळ्यांचीच धास्ती अधिक. डोळे रागाचे असले तर पुढच्या खेपेला ती बाहेर पडायचे टाळते. माहेरपण राहते, जत्रा राहते, लसीची तारीख हुकते, दवाखानाही ‘उद्या बघू’ म्हणून लांबणीवर पडतो. म्हणजे परक्या माणसाच्या एका नजरेवर एका बाईचे घराबाहेर पडणे अवलंबून असते. मग हा विषय किरकोळ कसा म्हणावा?

आपल्याकडच्या दोन कथा सर्वांना ठाऊक आहेत. पहिली तेरच्या गोरोबाकाकांची. बायको पाण्याला गेली. जाताना, मुलाकडे लक्ष असू द्या, म्हणून सांगून गेली. गोरोबा चिखल तुडवीत होते आणि विठ्ठलनामात दंग होते. रांगते मूल चिखलात आले आणि पायाखाली सापडले. दुसरी कथा हिरकणीची. गडावर दूध घालायला गेलेली ही बाई कोजागिरीच्या दिवशी रायगडावर अडकली. सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले. खाली घरी तान्हे मूल. पहारेकऱ्यांनी दरवाजा उघडला नाही, तेव्हा ती अंधारात कडा उतरून गेली. शिवाजीमहाराजांनी पुढे त्या जागी बुरूज बांधून तिचा मान केला, असे लोक सांगतात.

या आख्यायिका आहेत. त्यांना सनावळीच्या कसोटीवर घासण्याचे कारण नाही. पण लोकांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या का सांगितल्या, हा प्रश्न इतिहासाचा आहे. एकीत आपण भक्तीचा महिमा ऐकतो, दुसरीत आईचे धैर्य. दोन्ही कथांत आणखी एक गोष्ट समान आहे, ती मात्र सहसा कुणी बोलून दाखवीत नाही. दोन्हीकडे वेळेला तिसरा हात नव्हता. एखादी शेजारीण घटकाभर ओट्यावर बसली असती, तर कुंभाराच्या घरावर तो प्रसंग आला नसता. गडाचा नियम गडाच्या रक्षणासाठी होता, तो चूक नव्हता; पण त्या नियमात तान्ह्या मुलाच्या आईसाठी फट नव्हती. बुरूज बांधून धैर्याचा मान होतो, हे खरे. त्याहून बरे हे, की कुणा आईवर कडा उतरण्याची पाळीच येऊ नये.

आता वाटेवर येऊ. जुन्या काळी सामान्य बाईचा मोठा प्रवास म्हणजे माहेरचा आणि वारीचा. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. पालखीबरोबर चालत जायला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावून दिली. दिंडीतली एक रीत आपण रोज ऐकतो म्हणून तिचे नवल वाटत नाही. तिथे अनोळखी माणूस अनोळखी माणसाला ‘माऊली’ म्हणतो. माऊली म्हणजे आई! ज्याचे नाव, गाव ठाऊक नाही त्याला आई म्हणून हाक मारायची. अशी हाक मारल्यावर त्याचे रडके मूल घटकाभर आपल्या खांद्यावर घेण्यात अवघड ते काय?

त्याच शतकात वाटेवरच वाढलेले एक मूल पुढे फार प्रसिद्ध झाले. ते म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. रमा सहा महिन्यांची असताना या कुटुंबाने गंगामूळचे रान सोडले, आणि वेताच्या पेटीत घालून तिला डोंगराखाली आणले, असे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे वर्षानुवर्षे हे कुटुंब तीर्थातीर्थांतून पायी हिंडले. आईबापांनी पुराण सांगायचे आणि ऐकणाऱ्यांनी शिधा द्यायचा, असा तो संसार होता. म्हणजे ते मूल परक्यांच्या ओंजळीवरच वाढले. परंतु १८७० नंतरच्या दशकात दुष्काळ पडला, तेव्हा ही ओंजळ आटली आणि आईबाप उपासमारीने गेले. परक्यांची दया खरी असते, पण ती कणगीतल्या दाण्यांवरही अवलंबून असते, हे यावरून दिसते.

यानंतर आली आगगाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली. १८६३ मध्ये बोरघाटातून रूळ गेले आणि मुंबई ते पुणे सलग प्रवास होऊ लागला. या गाडीने व्यापार वाढवला, पत्रे लवकर पोचवली, हे शाळेच्या पुस्तकात असते. मुलांच्या बाबतीत तिने काय केले, ते पाहा. बैलगाडी आपल्या हुकमतीत असते. पोर रडले, उतरवले; झाडाखाली घटकाभर खेळवले, पुन्हा गाडी जुंपली. आगगाडी कुणासाठी थांबत नाही. दार उघडता येत नाही. एका लाकडी खोक्यात तीसचाळीस माणसे, त्यांत कुणी कुणाच्या ओळखीचे नाही, आणि त्यांच्यामध्ये एक तीन वर्षांचे मूल, ज्याला सहा तास बसून राहायचे आहे! बसून राहणे हे तर त्याच्या स्वभावातच नाही. अशी अवस्था आपल्या समाजात पूर्वी आलेली नव्हती. अनोळखी माणसांनी अनोळखी मुलाशी कसे वागावे, याचे नवे शास्त्र लोकांना त्या डब्यात बसून घडवावे लागले.

डबाही कसला? गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाबद्दल सविस्तर लिहिले आहे. मुंबईहून मद्रासला जाताना त्यांच्या डब्यावर बावीस उतारूंची पाटी होती, आणि प्रवासाचा बराच काळ डब्यात पस्तिसांहून अधिक माणसे होती. काही जण खाली घाणीत पडलेले, काही उभे. अशा जागी मांडीवर मूल घेऊन दोन रात्री काढणारी बाई डोळ्यांसमोर आणा.

कायद्याला तिची आठवण झाली, पण सावकाश. १८९० च्या रेल्वे कायद्याने ठरवले, की १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक उतारू गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा बायकांसाठी राखून ठेवावा, आणि गाडी पन्नास मैलांहून लांब जाणारी असेल तर अशा एका कप्प्याला शौचकूप असावे. पहिली गाडी सुटल्याला तोवर सदतीस वर्षे होऊन गेली होती. मधल्या काळात मूल घेऊन निघालेल्या बाईने काय केले असेल? पुढच्या स्टेशनची वाट पाहिली असेल, आणि गाडी थांबल्यावर, ‘बाई, तुम्ही उतरा, मी धाकट्याला धरते,’ असे म्हणणारी कुणी भेटेल का, हे पाहिले असेल. कायदा यायच्या आधी जे काही होते, ते हे परके हात.

या हातांना आपल्या भाषेने नावे दिली आहेत, त्यांकडे शिक्षकांनी जरूर लक्ष द्यावे. गाडीत समोर बसलेला अनोळखी पुरुष मुलाचा कोण? मामा! अनोळखी बाई कोण? मावशी. म्हातारी असेल तर आजी. एस. टी.चा कंडक्टर मामा, पोलीस मामा, आभाळातला चंद्रही मामाच. काका म्हणजे बापाकडचा, मामा आणि मावशी आईकडची. परक्या पुरुषाला मामा म्हटले, की तो आपोआप त्या बाईचा भाऊ झाला. एका शब्दाने तिला निर्भय केले आणि त्याच्यावर जबाबदारी टाकली. ‘ये रे मामाकडे, खिडकी बघ,’ असे तो म्हणतो, तेव्हा नुसते मूल गप्प होत नाही. डब्यातल्या बाकीच्या माणसांचा रागही निवतो. आईने चारचौघांत मान खाली घालण्याची वेळ टळते. मदतीचे खरे मोल इथे आहे.

उलट बाजूही भाषेत आहेच. ‘गप्प बस, नाहीतर तो बुवा धरून नेईल,’ असे म्हणून आपण त्याच परक्या माणसाचा बागुलबुवा करतो. एकाच माणसाला मामा करायचे की बुवा करायचे, हे काही अंशी आईच्या हाती असते आणि काही अंशी त्या माणसाच्या.

पण मंडळी, इतिहास सांगताना गोड तेवढेच सांगून चालत नाही. हा मामा सर्वांच्या मुलांचा मामा होता का? १९०१ सालची एक गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. तेव्हा ते नऊदहा वर्षांचे होते. वडील सातारा जिल्ह्यात दुसऱ्या गावी नोकरीला होते. सुट्टीत वडिलांकडे जायचे म्हणून भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे नवे कपडे घालून आगगाडीने निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांना पत्र वेळेवर मिळाले नव्हते, त्यामुळे न्यायला कुणी आले नाही. सारे उतारू निघून गेले, मुले तेवढी फलाटावर राहिली. स्टेशनमास्तर जवळ आले. मुले कपड्यांवरून चांगल्या घरची दिसत होती. त्यांनी आपुलकीने चौकशी केली. पण मुलांनी आपली जात सांगताच ते पाच पावले मागे सरले. गाडीवाले दुप्पट भाडे मिळाले तरी मुलांना घेऊन बसायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर तोड निघाली ती अशी, की मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवाल्याने बाजूने चालावे. रात्री वाटेत नाक्यावर मुक्काम पडला. जवळ खायला होते, पण प्यायला पाणी मिळाले नाही. लेकरे उपाशी झोपली.

त्या पाच पावलांचा विचार करावा. माणूस तोच, मुले तीच, घटकेपूर्वीची आपुलकीही खरी होती. एका शब्दाने ती संपली. तेव्हा आपल्या प्रवासातली माणुसकी ही कुंपणातली माणुसकी होती, हे मान्य केले पाहिजे. स्टेशनवर हिंदूंचे पाणी वेगळे आणि मुसलमानांचे पाणी वेगळे मिळत असे, तोच हा काळ. तहानलेल्या मुलाला घोटभर पाणी देण्याआधी जो समाज त्याची जात विचारतो, त्याला दयाळू म्हणता येत नाही. फार तर तो आपल्यातल्या आपल्यात प्रेमळ आहे असे म्हणता येईल. पुढे राज्यघटनेने १९५० मध्ये अस्पृश्यता नष्ट केली, सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या केल्या. कायद्याने दार उघडले. मांडीवर जागा करून देणे हे मात्र कायद्याच्या हातात नसते.

खेडोपाडी या गोष्टीचा खरा कस लागला तो एस. टी.त. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही पहिली एस. टी. सुटली. हळूहळू जिथे रूळ नव्हते तिथे ही गाडी गेली. तिच्यात पाटील आणि मजूर, शिक्षक आणि भाजीवाली एकाच बाकावर आले. ज्याने तिकीट काढले तो बसला, मग तो कुणीही असो. उभे राहिलेल्या बाईचे मूल बसलेल्याने मांडीवर घ्यायचे, हा अलिखित नियम या गाडीने महाराष्ट्राच्या अंगवळणी पाडला. मूल मांडीवर घेताना जात विचारायला सवडच नसते. गाडी वळणावर असते आणि आईचा एक हात दांडीला असतो! पुढे काही एस. टी. स्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी वेगळ्या खोल्या झाल्या आणि त्यांना ‘हिरकणी कक्ष’ असे नाव देण्यात आले. नाव मोठे समर्पक आहे. जिच्यासाठी दरवाजा उघडला नव्हता, तिच्याच नावाने हे दार उघडले.

याच सुमारास दुसरीकडे एक मोठे काम चालले होते. चळवळे मूल म्हणजे वाईट वळणाचे मूल, ही समजूत मोडण्याचे ते काम. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे प्रयोग केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांत काम करू लागल्या. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच रूढ झाला, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला. मूल हलते, उचलते, ओतते, सांडते, कारण ते हातापायांनी शिकत असते, हे या बायांनी लोकांना समजावले. आज आपल्याला हेही कळते, की काही मुलांची चुळबुळ किंवा आरडाओरडा हा त्यांच्या मज्जासंस्थेच्या घडणीचा भाग असतो; त्यात ना मुलाचा अपराध, ना आईच्या वळणाचा. हे कळलेला उतारू वेगळ्या डोळ्यांनी पाहतो.

आता आजचे काय? १९७४ मध्ये रेल्वेचा तिसरा वर्ग इतिहासजमा झाला. २०२२ मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात आईच्या बाकाला जोडून तान्ह्या मुलासाठी छोटा बाक प्रयोग म्हणून बसवून पाहिला गेला. २०२३ च्या मार्चपासून एस. टी.त बायकांना अर्ध्या भाड्यात प्रवासाची सवलत सुरू झाली. सोयी वाढल्या, ही आनंदाची गोष्ट आहे. पण सोयी वाढल्या तशी माणसांतली अंतरेही वाढली. प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला. मूल रडले की त्याच्याही हातात तोच दिला जातो. परक्याने दिलेले खाऊ नका, अशी सूचना स्टेशनवर ऐकू येते, आणि तिच्यामागे वाईट अनुभव आहेत. पूर्वी मावशी पिशवीतला लाडू काढून सरळ पोराच्या हातावर ठेवी. आज तसे करू नये. आधी आईला विचारावे. मुलाला उचलण्याआधी तर जरूर विचारावे. माया तीच ठेवायची, रीत बदलायची.

करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. खिडकीची जागा मुलाला द्यावी. आईची पिशवी धरावी. रांगेत तिला पुढे जाऊ द्यावे. मूल रडत असेल तर उपदेश करू नये. ‘लहान आहे, चालायचंच,’ एवढे म्हणावे. हे तीन शब्द फार काम करतात. आणि मूल बापाच्या कडेवर असेल तर त्यालाही हेच म्हणावे. बाप मूल सांभाळतो म्हणून हसणारे लोक अजून आहेत.

शेवटी गुरुजनांना एक विनंती. या विषयाचे कागद दप्तरात सापडत नाहीत, असे मी आरंभी म्हटले. पण ते माणसांच्या आठवणीत आहेत. आपल्या शाळेतल्या मुलांना एक काम द्या. प्रत्येकाने घरच्या आजीला किंवा गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचारावे: ‘लहान मूल घेऊन तू पहिला लांबचा प्रवास केव्हा केलास? कशाने गेलीस? वाटेत कुणी मदत केली? कुणी नाकारली?’ शेवटचा प्रश्न वगळू नये. उत्तरे वहीत लिहावीत. सांगणारीचे गाव आणि साधारण साल टाकावे. दहा गावांच्या अशा वह्या जमल्या, तर महाराष्ट्राच्या इतिहासातले एक कोरे पान भरून निघेल. आणि ज्या मुलाने ते पान लिहिले, ते मोठे होऊन गाडीत बसेल तेव्हा समोरच्या रडणाऱ्या पोराकडे पाहून कपाळाला आठी घालणार नाही. सरकून जागा करील.